पाठ फिरवणारी बाकं

आमच्या बाई परवा निवृत्त झाल्या आणि निरोप समारंभात एकामागून एक तीन वक्त्यांनी त्यांना मेणबत्ती म्हटलं. मेणबत्तीसारख्या जळल्या म्हणे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मला राग आला. इतकी वर्षं मी या बाईबरोबर संसार करतोय. जळल्या असत्या तर मला वास तरी आला असता. बाई दोन्ही वेळा पोटभर जेवतात, उशीला डोकं टेकलं की झोपतात आणि सकाळी उठून दुसऱ्यांना कामाला लावतात. जळलो असेन तर थोडाफार मी.

तर मेणबत्तीचं राहू द्या. मी सुतार आहे, मला बाकांबद्दल सांगता येईल. बाईंची सगळी हकीकत त्या बाकांत आहे आणि समारंभात नेमका त्यांचाच कोणी उल्लेख केला नाही. बोलणारे सगळे बसले मात्र त्यांच्यावरच होते.

मी सुतार आहे हे माझं म्हणणं. आमच्या भागात मला विचाराल तर ‘बाईंचे मिस्टर’ म्हणून पत्ता सांगतील. चारचौघांत मीही त्यांना बाईच म्हणतो. घरी ‘अगं’ म्हणतो, तेही आजूबाजूला कोणी पालक नाही ना, हे बघून.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा शाळा चर्चची होती आणि चर्चच्याच हॉलमध्ये भरायची. मागे खोल्यांची एक ओळ होती, तिथे मोठ्या मुलांचे वर्ग. शिशुवर्गापासून चौथीपर्यंतची सगळी बारकी पिलावळ हॉलमध्ये. हॉलच्या एका टोकाला वेदी, वेदीच्या मागे मोठी खिडकी. सकाळचं ऊन त्या खिडकीतून असं आत यायचं की तिकडे फळा लावला असता तर मुलांना फळा दिसायच्या ऐवजी नुसता लखलखाट दिसला असता. म्हणून फळा दुसऱ्या टोकाला. म्हणजे सोमवार ते शनिवार बाकं फळ्याकडे तोंड करून आणि रविवारी वेदीकडे तोंड करून. दर शनिवारी चार-पाच माणसं जमायची, ती जडशीळ बाकं ओढून फिरवायची आणि सोमवारी सकाळी परत तोच धुडगूस. फरशीवर एवढे ओरखडे पडले होते की कोणी नांगर फिरवलाय असं वाटावं.

तेव्हा या बाई, नुकत्या लागलेल्या, बारीक चणीच्या, माझ्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे आमच्या घराला लागून पत्र्याची एक लांब शेड, पण पाटीवर ‘कारखाना’ असं लिहिलेलं. म्हणाल्या, “बाक जागेवरून न हलवता फिरवता येईल का?”

“नाही,” मी म्हणालो.

“विचार करा. मी परवा येते.”

मला हसू आलं. पण डोक्यात किडा सोडून गेल्या होत्या. मी एक बाक केलं. बैठक स्थिर, पण टेकायची पाठ दोन लोखंडी दांड्यांवर तोललेली. पाठीला हात घालून ढकललं की ती बैठकीवरून जाऊन पलीकडे बसते, मग माणूस दुसरीकडे तोंड करून बसू शकतो. परवा बाई आल्या. बसल्या, उठल्या, पाठ ढकलली, उलट बाजूने बसल्या, पुन्हा उठल्या. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की मला वाटलं, आता हे मोडणार. मग म्हणाल्या, “नाही म्हणाला होतात ना?”

सगळ्या हॉलची बाकं मी केली. ती पूर्ण होईपर्यंत लग्नही ठरलं. मागणी मी घातली की त्यांनी, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. थोरलीचं मत आईच्या बाजूने पडतं, पण थोरलीची सगळीच मतं आईच्या बाजूने पडतात.

शनिवारची शेवटची घंटा झाली की बाई हॉलच्या मध्ये उभ्या राहायच्या आणि हुकूम सोडायच्या, “पाठ फिरवा!” मग खटाखट, खटाखट, सगळ्या हॉलभर पाठी उलटायच्या आणि चर्च तयार. पोरांना आठवड्यातला सगळ्यात लाडका क्षण तो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलीला विचारलं, “शनिवारी शेवटच्या तासाला काय करता?” ती म्हणाली, “पाठ फिरवतो.” साहेबांना ऐकू आलं, पाठ गिरवतो. त्यांनी उजळणीबद्दल शाळेची भरभरून स्तुती केली आणि गेले. त्यांचा गैरसमज दूर करावा असं बाईंच्या मनात होतं, पण तोवर त्यांची गाडी निघाली होती. निदान बाई तसं सांगतात.

पुढे बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पंचांतही आल्या. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी शास्त्रपाठ वाचायचा, लहान मुलांना गाणी शिकवायची. कोणाच्या घरी माणूस गेलं तर बाई तिथे जायच्या ते थेट स्वयंपाकघरात. सांत्वनाचं काम चर्चच्या पाळकसाहेबांचं, असं त्या म्हणायच्या. आपण पाण्याची भांडी भरायची, चहा टाकायचा आणि आलेल्या माणसांना बसायला खुर्ची आहे का ते बघायचं. दुःखातल्या बाईला त्या एकच प्रश्न विचारायच्या, “काही खाल्लंत का?” आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायच्या.

शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या पालकांना त्यांनी कधी बोलावून घेतलं नाही. स्वतः जायच्या, सकाळी, शाळेच्या आधी. दारात उभं राहून म्हणायच्या, “मी चहा घेईन. चहा होईपर्यंत पोरगी तयार होईल.” आता एवढं म्हटल्यावर कोण काय बोलणार? एका बापाने मुलीला दुकानात बसवली होती. त्याने पहिल्या दिवशी चहा दिला, दुसऱ्या दिवशी दिला, तिसऱ्या दिवशी बाईंना कोपऱ्यावर बघून आतून ओरडला, “तयार आहे ती! न्या! आज दूध नाहीये!” ती मुलगी आता याच शाळेत गणित शिकवते आणि चहाला शिवत नाही.

हे सगळं छान चाललं होतं. मग आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. तरुण, शिकलेला, गोड गळ्याचा. पण पहिल्याच आठवड्यात ते दुपारी हॉलमध्ये डोकावले आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. शंभरेक मुलं वेदीकडे पाठ करून बसलेली. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. खुर्चीच्या टोकावर बसून कप हातात धरून म्हणाले, “बाई, मला झोप लागणार नाही. मुलं आठवडाभर देवाकडे पाठ करून बसतात.”

बाईंनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. “पाळकसाहेब, देव मुलांच्या पाठीशी असतो, असं तुम्हीच परवा उपदेशात सांगितलंत. आमच्याकडे तो अगदी शब्दशः आहे.”

मी चहा नाकातून बाहेर येऊ नये म्हणून आत निघून गेलो. पाळकसाहेब हसले खरे, पण त्यांचं समाधान झालं नाही.

त्याच सुमारास सिमेंटवाल्यांची आई वारली. सिमेंटवाले म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यात सधन गृहस्थ. सिमेंटची एजन्सी, म्हणून हे नाव. आईवर त्यांचा फार जीव. तिच्या आठवणीत चर्चला काहीतरी कायमचं द्यावं असं त्यांच्या मनाने घेतलं आणि पाळकसाहेबांनी बाकं सुचवली. चांगल्या लाकडाची, कोरीवकाम केलेली, गादी लावलेली, वेदीकडे तोंड करून फरशीत स्क्रूने पक्की बसवलेली. त्यांच्यावर मुलांनी शाई सांडायची नाही, पट्टीने खरडायचं नाही. म्हणजे हॉलमध्ये शाळा भरणार नाही.

शाळेला दुसरी जागा नव्हती. मागच्या खोल्या भरलेल्या. दुसरी शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जिथे ट्रक थांबायचं नावच घेत नाहीत. एवढ्याशा मुलांना कोण तिकडे पाठवणार? चौथीपर्यंतचे वर्ग बंद पडले की काही वर्षांत वरच्या वर्गांत यायला मूलच उरणार नाही. शाळा संपली असती. सगळ्यांना हे कळत होतं, पण सिमेंटवाल्यांचं दुःख ताजं होतं, आणि देवाच्या घराला मिळणारी वस्तू नको कोण म्हणणार? सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाई पंचांत होत्या, चर्चच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. अर्धे लोक म्हणत, बाई चर्चचंच ऐकतील. अर्धे म्हणत, बाई शाळा सोडणार नाहीत. बाई काहीच म्हणत नव्हत्या.

आणि ती नवी बाकं करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी नक्षी काढली. खोटं कशाला बोलू, मन लावून काढली. प्रत्येक बाकाच्या टोकाला द्राक्षाचा वेल, खालून वर चढत जाणारा, एकाही बाकावरचं पान दुसऱ्यासारखं नाही. जन्मभर मी खिडक्या-दारं, कपाटं आणि ती खटखटणारी बाकं केली. असं काम मला कोणी कधी दिलंच नव्हतं. कागद टेबलावर पसरलेला बाईंनी पाहिला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

“वेल सुरेख जमलाय,” त्या म्हणाल्या.

“तुझं काय ठरलंय?” मी विचारलं.

“सभेत ठरेल. ठरलं तर वेल नीट कोरा. घाई करू नका.”

मला वाटलं, भांडेल तरी. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मंडळीची वार्षिक सभा उपासनेनंतर तिथेच हॉलमध्ये झाली. सिमेंटवाले आईबद्दल चार शब्द बोलले आणि मध्येच थांबून त्यांनी डोळे पुसले. पुढच्या बाकावरच्या ऑर्गनवाल्या मावशींनी मोठ्याने नाक शिंकरलं. अशा वेळी ठराव मांडला तर कोण विरोध करणार? पाळकसाहेबांनी तो मांडला. म्हणाले, “ज्यांची संमती आहे, त्यांनी कृपया उभं राहावं.”

सिमेंटवाले उभे राहिले. त्यांचे भाऊ, भावजया, आणखी काही जण उठले. बाकीचे एकमेकांकडे बघत बसून होते. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांना मतदानाच्या आधी बोलायचं होतं. एरवी त्या हात वर करतात, पण त्या दिवशी घाई झाली आणि बाई बोलण्यासाठी उभ्या राहिल्या.

झालं! बाई उभ्या राहिल्या आणि सगळा हॉल ताडकन उभा राहिला.

कोणी ठरवून केलं नाही हो. त्या हॉलमध्ये मावशी आणि आम्ही दोघं-चौघं सोडले तर एकूण एक माणूस बाईंच्या हाताखालून गेलेला. टक्कल पडलेले, लेकरांचे आईबाप झालेले, डॉक्टर, ड्रायव्हर, सगळे त्याच बाकांवर बसून बाराखडी शिकले होते. आणि बाई उभ्या असताना आपण बसायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सगळ्यांना उभं राहिलेलं बघून मावशीही उठल्या. खरं तर मीपण उठलो.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. “एकमताने!” ते म्हणाले. “देवाचे आभार मानू या.” आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली.

आता प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं कसं? कोणाची हिंमत नव्हती, बाईंचीही नव्हती. आम्ही सगळे माना खाली घालून, ओठ चावत, जे आम्हाला नको होतं त्याबद्दल देवाचे आभार मानत उभे होतो. प्रार्थनाही लांबली, दिवंगत मातोश्री, दानशूर पुत्र, नवी बाकं, बाकं करणारे हात. तिथे मला घाम फुटला. शेवटी ‘आमेन’ झालं. आमेन म्हणावंच लागतं, म्हणून सगळ्यांनी म्हटलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. सगळे बसले, पाळकसाहेबसुद्धा.

“पाळकसाहेब, माफ करा. चूक माझी आहे. या लोकांना मी उभं राहायला शिकवलं, बसून कधी राहायचं ते शिकवायचं राहून गेलं.”

हॉलमध्ये खसखस पिकली. पाळकसाहेबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला आणि मग ते कानापर्यंत लाल झाले. “पण बाई, प्रार्थना झाली!”

“देवाला घोटाळा कळला असेल. हवं तर नंतर छोटीशी दुसरी करू.” मग त्या लोकांकडे वळल्या. “मला बोलायचं होतं, पण आता बोलणार नाही. तुम्ही उठलात ते बघून मला भीती वाटली. मी सांगेन ते तुम्ही कराल, आणि मग ते तुमचं मत कसं म्हणायचं? यांच्या आईच्या आठवणीचा प्रश्न आहे, पोरांचाही आहे. मी बाहेर जाते. तुम्ही डोळे मिटा, मान खाली, हात वर करा. काच कोणी फोडली ते विचारताना आपण करतो तसं. आणि मी नंतर कोणालाही विचारणार नाही, कोणी कशाला हात वर केला.”

असं म्हणून पर्स उचलून त्या बाहेर गेल्या. मला त्यांचा इतका राग आला! दोन वाक्यं बोलल्या असत्या तर शाळा वाचली असती. आयुष्य घातलं त्या शाळेत आणि दोन वाक्यं बोलायला जड झाली.

डोळे मिटले गेले. पाळकसाहेबांनी आधी नव्या बाकांच्या बाजूचे हात मोजले, मग शाळेच्या बाजूचे. मी डोळे मिटून बसलो होतो आणि मला मिटलेल्या डोळ्यांपुढे तो वेल दिसत होता, पान न् पान. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हात वर केला. हात फार जड झाला होता. पण वर गेला.

पाळकसाहेबांना पुन्हा मोजावं लागलं, कारण ऑर्गनवाल्या मावशींनी दोन्ही वेळा हात वर केला होता; कोणाचं मन दुखवायला नको म्हणून. फरक फार मोठा नव्हता. शाळा हॉलमध्ये राहणार होती. सिमेंटवाले तडक निघून गेले. पाळकसाहेबांनी घोषणा नीट, सरळ आवाजात केली आणि दुसरी प्रार्थना खरंच छोटी केली. त्या दिवसापासून मी त्यांना मानतो.

मी बाहेर आलो. पायरीवर बाई नव्हत्या. अंगणात नव्हत्या, मागच्या खोल्यांत नव्हत्या. मी घरी गेलो, तर कारखान्याचं दार उघडं आणि आतून फळ्या ओढल्याचा आवाज.

बाई कंबर कसून कामाला लागल्या होत्या. माझी लाकडं एका भिंतीला रचून झाली होती. रंधा, करवती, सगळं पोत्यात भरून कोपऱ्यात. जमिनीवर खडूच्या रेघा मारलेल्या आणि प्रत्येक चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शिशुवर्ग, पहिली, दुसरी. नक्षीकामासाठी मी जपून ठेवलेली सगळ्यात रुंद फळी भिंतीला उभी केलेली. तिच्यावर उद्याचा वार घालून झाला होता.

“चौथीला जागा पुरत नाहीये,” त्या वळून न बघता म्हणाल्या. “तुमचं ते लांब टेबल बाहेर काढावं लागेल.”

“आणि मी कुठे काम करायचं?”

“तुम्ही अंगणात. वर ताडपत्री लावू.”

“मला विचारणार कधी होतीस?”

“पोरं बसल्यावर.”

मी सांगितलं, “अगं, शाळा हॉलमध्येच भरणार आहे. ठरलं.”

तिने खडू खाली ठेवला. माझ्या लांब टेबलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. इथे मला ‘त्या’ म्हणवत नाही. इतक्या वर्षांत इतक्या लोकांच्या घरी गेली, इतक्यांचे डोळे पुसले, पण मी तिला अशी हुंदके देऊन रडताना कधी पाहिली नव्हती. मी शेजारी बसलो. विचारलं, “काही खाल्लंस का?” त्यावर ती रडता रडता हसली.

“मला वाटलं होतं, आपण हरणार,” ती म्हणाली. “तुमचा वेल इतका सुंदर होता.”

मलाही हुंदका आवरेना, आणि आमच्या दोघांत एकच रुमाल होता.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, केस नीट केले, पर्स उचलली आणि दारात उभी राहिली.

“आता कुठे?”

“सिमेंटवाल्यांकडे. आज त्यांच्या घरी कोणी जाणार नाही, आणि त्यांची आई गेली आहे. चला, तुम्हीही चला. चहा मागायचा.”